टायटॅनिकचं चौथं पातं

टायटॅनिकला मागे तीन पंखे होते. कडेच्या दोन पंख्यांना प्रत्येकी तीन पाती होती, याबद्दल कधी वाद झाला नाही; समुद्राच्या तळाशी पडलेल्या सांगाड्यात ती आजही दिसतात. वाद होता मधल्या पंख्याचा. जगभरातले हौशी मॉडेलकार अनेक दशकं त्याला चार पाती लावत आले. किटच्या डब्यात चार पात्यांचा पंखा यायचा, पुस्तकांतल्या चित्रांत चार पाती असायची आणि कुणी शंका काढलीच तर कोरड्या गोदीतला तो प्रसिद्ध फोटो पुढे केला जायचा. जहाजाचा अवाढव्य मागचा भाग, खाली उभे असलेले कामगार आणि मधोमध चार पात्यांचा पंखा. विषय संपला.

अडचण एवढीच की तो फोटो टायटॅनिकचा नव्हता. तो तिच्या थोरल्या बहिणीचा, ऑलिंपिकचा होता. पंखे बसवल्यानंतरचा टायटॅनिकचा असा एकही फोटो माहीत नाही. १९८५ मध्ये बोटीचे अवशेष सापडले, पण मधला पंखा तळाच्या गाळात गाडला गेलेला असल्यामुळे तिथूनही उत्तर मिळालं नाही. मग या शतकात मार्क चर्नसाइड या अभ्यासकाने बोट बांधणाऱ्या बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीची एक नोंदवही उजेडात आणली. त्या काळातल्या या वहीत टायटॅनिकच्या मधल्या पंख्यापुढे पात्यांची संख्या तीन लिहिलेली आहे. गाळातला पंखा अजून कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे शंभर टक्के खात्री कुणीच देणार नाही. पण आता पुरावा तीनच्या बाजूने आहे. चार पाती लावायची असतील, तर कारण चार लावणाऱ्याने द्यायचं.

प्लास्टिकची विमानं, रणगाडे, आगगाड्या आणि जहाजं जोडत बसणाऱ्या मंडळींची भांडणं बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतात. नखाएवढ्या तुकड्याला तीन पाती की चार, यावरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात हे खरंच आहे. इंग्लंड-अमेरिकेत अशा चिकित्सकांना ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणून चिडवतात. त्यांच्या विरुद्ध बाजूला ‘अहो, शेवटी खेळणंच आहे ते, मजा घ्या की’ म्हणणारा पंथ असतो. रिव्हेट मोजणाऱ्यांची जीभ तिखट असते. म्हणून सगळ्यांची सहानुभूती साहजिकच या दुसऱ्या पंथाकडे जाते. पण मूळ मुद्द्यावर चूक या दुसऱ्या पंथाचीच आहे. स्केल मॉडेल म्हणजे मोजमापाचं वचन असतं. डब्यावर १/४८ छापलं, की आत जे आहे ते खऱ्या वस्तूच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं आहे, असं विकणाऱ्याने सांगितलेलं असतं. ते तपासायचंच नसेल तर आकडा छापायचा कशाला?

आणि तपासणाऱ्यांमुळेच ही हौस सुधारली. एअरफिक्सने १९५३ मध्ये आपलं पहिलं स्पिटफायर बाजारात आणलं. आजच्या नजरेने ते ओबडधोबड होतं; त्यानंतर त्याच कंपनीला स्पिटफायरचे साचे पुन्हा पुन्हा नव्याने करावे लागले. अलीकडचं उदाहरण चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डचं. त्यांनी २०१४ मध्ये जर्मन मेसरश्मिट १०९ जी-६ चं १/४८ मापाचं किट मोठ्या थाटात आणलं. लोकांनी मोजपट्ट्या लावल्या आणि पंख व धड मापापेक्षा मोठे भरले. किट दिसायला देखणं होतं, जोडायला सोपं होतं, काहींनी ‘दीड-दोन मिलिमीटरने काय आभाळ कोसळतं’ असंही विचारलं. कंपनीने मात्र चूक मान्य केली, दोनेक वर्षांत संपूर्ण विमानाचे साचे नव्याने केले आणि ते सुधारित किट विकायला काढलं. स्टीलचा साचा पुन्हा कोरणं ही खर्चाची गोष्ट असते. गिऱ्हाइकांनी गोड मानून घेतलं असतं, तर कंपनीने तो खर्च कशाला केला असता?

म्हणजे वाद हवेतच. फक्त ते कशावर घालायचे आणि कुणाशी, इथे गाडी रुळावरून घसरते.

मस्टँगचं पाहा. अमेरिकेचं पी-५१ मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वांत जास्त वेळा जोडल्या गेलेल्या विमानांपैकी एक असेल. १९४४ पासून ती बरीचशी रंग न लावता, उघड्या चकचकीत धातूतच कारखान्यातून बाहेर पडत. मॉडेलकाराला ही पर्वणीच. तो सगळं विमान चांदीसारखं झळकवतो, पंखांवरची प्रत्येक रेघ, प्रत्येक रिव्हेट काळ्या रंगाच्या पाण्याने उठवतो. पण खऱ्या मस्टँगच्या पंखावर बऱ्याच भागात त्या रेघा दिसतच नसत. या विमानाचा वेग आणि लांबचा पल्ला ज्यावर अवलंबून होता, त्या पंखाचा पृष्ठभाग हवा न डहुळता सरकावी इतका गुळगुळीत लागे. म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या साधारण चाळीस टक्के रुंदीपर्यंत सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून घासले जात आणि पंखाला चंदेरी रंग दिला जाई. धड उघड्या धातूचं, पंख रंगवलेले. दोन्ही चंदेरीच, पण चमक वेगळी.

आता एखाद्याने रिव्हेटवाले झगझगीत पंख केले आणि दुसऱ्याने त्याला टोकलं, की पहिला आत्मविश्वासाने आजही उडणाऱ्या मस्टँगचा रंगीत फोटो दाखवतो. फोटोतल्या पंखांत ढग दिसतात, इतके ते घासलेले असतात! फोटो खरा, विमान खरं, निष्कर्ष चुकीचा. ते विमान युद्धानंतर अनेक वर्षांनी कुणा धनिकाने हौसेने दुरुस्त करून, पॉलिश करून घेतलेलं असतं. उलट बाजूही तितकीच सावध हवी. आघाडीवर महिनोन्‌महिने पावसात, धुळीत, तेलात राहिलेल्या पंखावरची पुट्टी किती टिकली असेल, हे त्या विशिष्ट विमानाचा त्या विशिष्ट महिन्यातला फोटो पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ‘मस्टँगचे पंख असेच होते’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी अपुरं आहे. कोणतं मस्टँग, कोणत्या तुकडीचं, कधीचं, हे विचारल्यावर निम्मे वाद तिथेच विझतात.

उरलेले निम्मे रंगाचे असतात आणि ते विझत नाहीत. जुने कृष्णधवल फोटो इथे साक्षीला उभे राहतात आणि बेलाशक दिशाभूल करतात. त्या काळातली काही फिल्म निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी होती. अशा फिल्मवर निळा रंग फिकट येई आणि पिवळा काळपट. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हाभोवतीचं झळझळीत पिवळं कडं कित्येक फोटोंत काळ्या कड्यासारखं दिसतं ते यामुळेच. फिल्म कोणती हे ठाऊक नसताना फोटोतल्या राखाडी छटेवरून मूळ रंग सांगणं हा निव्वळ अंदाज असतो.

जपानच्या झीरो लढाऊ विमानाच्या रंगावर तर कित्येक वर्षं जुंपली होती. युद्धाच्या सुरुवातीची झीरो विमानं फिकट राखाडी होती असं एक गट म्हणे. दुसरा म्हणे, नाही, त्या राखाडीत हिरवट-पिवळसर झाक होती. शिल्लक राहिलेल्या पत्र्यांचा अभ्यास होत गेला तसं लक्षात आलं की दोघांचे साक्षीदार प्रामाणिक होते. मूळ रंगात ती झाक होतीच. पण उन्हापावसात त्याच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी धरे आणि विमान फिकट राखाडी दिसू लागे. घासलं की खालचा गडद रंग वर येई. म्हणजे पहिल्याने वापरलेलं विमान पाहिलं होतं, दुसऱ्याने नवं. अशा वादात एकमेकांना खोटं ठरवण्यात किती शाई आणि किती मैत्र्या खर्ची पडल्या असतील!

संग्रहालयातलं विमान हाही भरवशाचा साक्षीदार नाही. गोव्यात दाभोळी विमानतळाशेजारी नौदलाचं विमान संग्रहालय आहे. विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या जातीची सी हॉक आणि अलिझे विमानं तिथे उघड्यावर उभी आहेत. आकार मोजायला, चाकांचे सांधे, पंख दुमडायच्या बिजागऱ्या यांचे फोटो काढायला याहून चांगली जागा पश्चिम किनाऱ्यावर दुसरी नसेल. पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात उभं असलेलं विमान टिकवायचं तर त्याला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. तो देणाऱ्यापुढे विमान गंजू न देण्याचं काम असतं, १९७१च्या युद्धातली नेमकी छटा जुळवण्याचं नाही. तिथून आकार घ्यावा, रंग घेऊ नये.

बरं, ज्या मापाच्या नावाने एवढा आटापिटा, ते माप तरी कुठे सोवळं आहे? रणगाड्यांच्या मॉडेलांचं आज सर्वत्र चालणारं १/३५ हे माप कुण्या अभियंत्याने विचारपूर्वक ठरवलेलं नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार धरला होता. नंतर मोजून पाहिलं तर ते प्रमाण साधारण १/३५ भरलं. मग तेच चालू राहिलं, इतरांनीही उचललं आणि आज त्या मापात मिलिमीटरच्या दशांशावरून हमरीतुमरी होते. गंमत म्हणजे याच तामियाने पुढे पोर्शे ९३४ चं १/१२ मापाचं मॉडेल करताना अभ्यासासाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा सांगाडा सुटा केला होता.

आगगाडीवाल्यांचं आणखी भारी. ब्रिटनमधल्या हौशी लोकांच्या बहुतेक छोट्या आगगाड्या ‘ओओ’ नावाच्या मापात असतात. डबे आणि इंजिनं १/७६.२ या प्रमाणात, रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. हिशेब केला तर हे रूळ खऱ्या जगात सुमारे १२५७ मिलिमीटर रुंदीचे होतात, जेव्हा खरे ब्रिटिश रूळ १४३५ मिलिमीटरचे आहेत. म्हणजे सात इंचांची तूट! कारण जुनं आणि साधं आहे. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान; युरोपच्या १/८७ मापात त्या काळच्या मोटरी त्यांच्यात मावेनात. म्हणून इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ होते तेच ठेवले. ही चूक सगळ्यांना माहीत आहे, दुकानांत ती पिढ्यान्‌पिढ्या विकली जाते आहे, आणि तरीही ब्रिटनमधली ही हौस मोडून पडली नाही.

कारण ज्यांना ती तूट सहन होईना त्यांनी इतरांना शिव्या घालत आयुष्य काढलं नाही. त्यांनी १८.२ मिलिमीटरचं ‘ईएम’ हे वेगळं माप धरलं, संस्था काढली. त्यानेही ज्यांचं समाधान होईना त्यांनी पुढे जाऊन बिनचूक १८.८३ मिलिमीटरचे रूळ आणि त्यांना जुळणारी चाकं करायला घेतली. चाकं स्वतः बदला, वळणं मोठी ठेवा, वर्षं घालवा. ज्याला जेवढी अचूकता हवी तेवढी त्याने स्वतःच्या कष्टाने विकत घ्यायची, हा त्यातला व्यवहार. मतभेद असे दुकानाबाहेर आणि कार्यशाळेत निघाले की त्यातून काहीतरी घडतं.

भारतीय रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांची पंचाईत याहून मोठी आहे. आपला रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरचा. १/८७ मापात तो सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास व्हायला हवा. बाजारात तयार मिळतात ते १६.५ चे. त्यामुळे डेक्कन क्वीनचा डबा कितीही जीव ओतून रंगवला, तरी तयार रुळांवर ठेवला की तो बारीक पायांवर उभा राहतो. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. तिथे जाणाऱ्या कुटुंबांपैकी कुणी रूळ मोजायला पट्टी काढेल असं वाटत नाही, आणि काढू नयेच. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा पहारा देत असतो, तेव्हाही आपण पोराच्या हातात स्केल देत नाही.

इथेच या सगळ्या भांडणांची खरी गाठ आहे. किल्ला करणाऱ्या पोराने मापाचं वचन दिलेलं नसतं. संग्रहालयातल्या छोट्या रेल्वेने गंमत देण्याचं वचन दिलेलं असतं. एडुआर्डने मात्र पैसे घेऊन १/४८ छापलेलं असतं. चूक एकाच जातीची असली, तरी ती दाखवण्याचा हक्क आणि सूर तिन्ही ठिकाणी सारखा कसा असेल? जो विकतो त्याला सडेतोड बोलावं, मोजमापांसकट, फोटोंसकट. जो स्वतःच्या टेबलावर रात्री जागून काहीतरी पुरं करतो, त्याला आधी विचारावं की तू नेमकं काय करायला घेतलं होतंस. ‘आजोबा ज्या विमानाजवळ उभे आहेत ते विमान’ असं उत्तर आलं तर चर्चा फोटोवरून करा. ‘डब्यावरचं चित्र आवडलं’ असं उत्तर आलं तर ‘पंखाचे सांधे सुरेख बुजवलेत’ म्हणा आणि चहा घ्या. नवख्या मुलाने पहिलंच विमान रंगवून आणलं आणि जाणत्याने पहिलं वाक्य ‘हा हिरवा चुकला’ असं उच्चारलं, तर त्या जाणत्याकडे कितीही पुस्तकं असोत, तो असभ्य आहे. त्याच्या ज्ञानाचं कौतुक करून त्याला सांभाळून घेण्याची जी रीत सगळ्या हौशी मंडळांत पडली आहे, ती मोडायला हवी.

स्पर्धांनी हा प्रश्न बराच शहाणपणाने सोडवला आहे. प्लास्टिक मॉडेलकारांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, पुढे अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या. तिच्या अमेरिकन शाखेच्या स्पर्धांत परीक्षक आधी हातकाम पाहतात. सांधे दिसतात का, पंख दोन्हीकडे सारखे कललेत का, डिकालच्या, म्हणजे चिकटवलेल्या चिन्हांच्या, कडा पांढुरक्या पडल्यात का. एखादी गोष्ट विचित्र वाटण्यासारखी असेल, तर करणाऱ्याने शेजारी पुराव्याचा कागद ठेवावा. म्हणजे तीन पात्यांचा पंखा लावणाऱ्याने नोंदवहीचा उतारा ठेवायचा, आणि परीक्षकाने स्वतःच्या आठवणीवर विसंबून गुण कापायचे नाहीत. आपल्याकडच्या प्रदर्शनांत हा कागद ठेवण्याची पद्धत आली तर टेबलाभोवतीचे अर्धे खटके वाचतील.

एक साक्षीदार मात्र कागदात बसत नाही, तो म्हणजे ते यंत्र स्वतः वापरलेला माणूस. निवृत्त वैमानिक किंवा नौसैनिक प्रदर्शनात येतात, मॉडेलपुढे थबकतात आणि म्हणतात, ‘बाळा, आमच्या वेळी हा रंग असा नव्हता.’ त्यांच्याशी हुज्जत घालणारा अरसिक, आणि निमूटपणे ब्रश उचलून रंग बदलणारा भोळा. माणसाला इंजिनाचा आवाज, खुर्चीचा वास, उतरताना बसलेला हिसका पन्नास वर्षांनीही आठवतो. राखाडीची छटा आठवत नाही. ‘काका, तुमच्याकडे त्या वेळचे फोटो आहेत का?’ हा त्यावरचा आदराचा आणि उपयोगाचा प्रश्न.

तो प्रश्न महाराष्ट्रात विचारणं गरजेचं झालं आहे, याचं कारण विक्रांत. १९६१ मध्ये नौदलात आलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना तिच्यावर शाळांच्या सहली जात, आणि तिचे जे फोटो लोकांनी काढले ते त्या वेळचे. त्या फोटोंत तिच्या नाळेकडे वर चढत जाणारा उतार दिसतो. सी हॅरियर विमानं आल्यावर १९८०च्या दशकात तो बसवला गेला. १९७१च्या डिसेंबरात जिच्यावरून सी हॉक उडाली आणि चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले झाले, त्या विक्रांतची धावपट्टी पुढपर्यंत सपाट होती. विमानं वाफेच्या झोतयंत्राने फेकली जात. संग्रहालयातले फोटो पाहून १९७१ची विक्रांत करणारा प्रामाणिक मॉडेलकार तो उतार लावणारच, आणि त्याला टोकणाऱ्याकडे तरी सपाट डेकचे जवळून काढलेले, तारीख लिहिलेले फोटो किती असतील?

मूळ जहाज आता तपासता येणार नाही. २०१४ मध्ये मुंबईतल्या दारूखाना भागात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या डेकवरच्या खुणा, रेलिंग, तोफांच्या जागा, विमानांवरचे आकडे हे सगळं आता निवृत्त अधिकारी-खलाशांच्या आणि गोदी कामगारांच्या घरांतल्या अल्बममध्येच उरलं असणार. कुलाबा, कारंजा, वास्को, लोणावळा, कोकणातली गावं, जिथे जिथे नौदलातली माणसं निवृत्त होऊन राहिली, तिथल्या वाचकांना म्हणून एक विनंती. माळा आवरताना ते फोटो रद्दीत देऊ नका. पाठीमागे पेन्सिलीने साल, ठिकाण आणि फोटो कुणी काढला ते लिहून ठेवा, आणि गल्लीतला एखादा मॉडेलवाला विचारत आला तर त्याला ते स्कॅन करून घेऊ द्या.